परळच्या पांढऱ्या उंदरांचा कारभारी

कळंब (जि. यवतमाळ) : पावसाळा सुरू झाला, की चिंतामणीच्या कळंब परिसरातील शेतशिवारात दोन प्राण्यांचा वावर वाढतो. धान्याच्या मागावर उंदीर घराकडे येतो आणि उंदराच्या मागावर साप. नाग, मण्यार आणि घोणस यांची भीती कापसाच्या आणि तुरीच्या पट्ट्याला नवी नाही. दंश झालाच, तर रुग्णालयात धाव घ्यायची आणि प्रतिविषाची कुपी मिळावी अशी प्रार्थना करायची, हा इथला परिपाठ. त्या कुपीतील औषध खरोखर किती विष निष्प्रभ करते, हे मात्र एक छोटासा प्राणी ठरवत आला आहे. तो म्हणजे प्रयोगशाळेत वाढविलेला पांढरा उंदीर. भारतात या उंदराला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक, मेजर जनरल सर साहिबसिंग सोखे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

पंजाबातून परळला

सोखे यांचा जन्म १८८७ सालचा, पंजाबातला. ते बालवयात असताना, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. सरकारने पाचारण केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी अल्पावधीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्यावर आला. चौकशीची चक्रे फिरत राहिली आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला पुढे काही वर्षे जावी लागली. औषध कितीही गुणकारी असले, तरी त्याच्या शुद्धतेत एके ठिकाणी जरी ढिलाई झाली तरी माणसे दगावतात, हा धडा या संस्थेच्या इतिहासावर कायमचा कोरला गेला.

सोखे यांनी वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण एडिंबरा येथे घेतले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश केला. लष्करी सेवेनंतर जीवरसायनशास्त्राचा अभ्यास करून ते १९२०च्या दशकात परळला आले. १९२५ मध्ये या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३२ मध्ये संचालकपदाची सूत्रे सोखे यांच्या हाती आली. परळच्या त्या खुर्चीवर भारतीय माणूस प्रथमच बसला होता.

उंदीर हेच मोजमाप

सोखे यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो लशीच्या मोजमापाचा. एका लशीपेक्षा दुसरी अधिक चांगली, हे सिद्ध कसे करायचे? माणसांवर प्रयोग करून निष्कर्ष काढण्यात वर्षे जातात आणि चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते. म्हणून उंदीर. पण कोणता उंदीर?

मुंबईच्या गटारांत आणि गोदामांत उंदरांना तोटा नव्हता. त्यांचा उपयोग करणे स्वस्तही होते. मात्र सोखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून एक विलक्षण बाब स्पष्ट झाली. वर्षानुवर्षे प्लेगच्या साथी सोसलेल्या मुंबईच्या उंदरांमध्ये रोगाला तोंड देण्याची मोठी ताकद निर्माण झाली होती. याउलट प्लेगपासून दूर राहिलेल्या मद्रासकडील उंदीर संसर्ग होताच पटापट मरत. मुंबईच्या रस्त्यावरचा उंदीर लस टोचल्यावर जगला, तर तो लशीमुळे जगला की बापजाद्यांच्या पुण्याईने, हे सांगता येणे शक्य नव्हते. दिसायला धष्टपुष्ट असलेला हा प्राणी पुरावा म्हणून निरुपयोगी होता.

मग संस्थेच्या प्राणिगृहात पांढऱ्या उंदरांची पैदास करण्यावर भर देण्यात आला. एकाच जातकुळीचे, ठराविक वजनाचे, एकसारखा आहार घेतलेले आणि रोगाला सारखेच बळी पडणारे उंदीर हाताशी आले, तेव्हा लशीची खरी परीक्षा शक्य झाली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लेगविषयक शोधनिबंधांच्या मालिकेत सोखे यांनी उंदरांवरील या चाचणीची पद्धत मांडली. लशीसाठी जंतू वाढविण्याच्या माध्यमातही सुधारणा झाली. मांसाच्या अर्काऐवजी दुधातील केसीन या प्रथिनापासून बनविलेले माध्यम वापरात आले. १९४०च्या दशकात सल्फा गटातील औषधांनी प्लेगच्या रुग्णांवर उपचार करण्याच्या कामातही संस्था आघाडीवर होती.

सापाच्या विषाची परीक्षा

याच दशकात हाफकिन संस्थेने सर्पदंशावरील प्रतिविषाच्या निर्मितीला हात घातला. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा वाढवत न्यायच्या आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवायचे, ही त्याची पद्धत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे संयुक्त प्रतिविष पुढे देशभर वापरात आले. १ मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे आणि घोणसाचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, असा दंडक आहे. हे मोजण्याची रूढ पद्धत १८ ते २० ग्रॅम वजनाच्या उंदरांवर आधारलेली आहे. उंदीर आजारी किंवा कमी-अधिक वजनाचा असेल, तर मोजमाप चुकते आणि त्याची झळ दूरच्या खेड्यातील रुग्णाला बसू शकते.

प्रतिविषासाठी विष हवे आणि विषासाठी जिवंत, निरोगी साप हवेत. हाफकिन संस्थेत सापांवरील संशोधनाची परंपरा रुजली. संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक पिढ्यांच्या सर्पअभ्यासकांनी ते वाचले. बंदिस्त साप सांभाळायचा, तर त्याच्या तोंडी काय द्यायचे, हा प्रश्न ओघानेच येतो. सोखे यांनी लशीच्या चाचणीसाठी लावलेला निकष इथेही तंतोतंत लागू पडतो. ज्या उंदराचा पूर्वेतिहास माहीत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शेतात किंवा बाजारपेठेत पकडलेला उंदीर सापाला देणे हा सर्वांत घातक मार्ग. त्याने झिंक फॉस्फाइड किंवा रक्त गोठू न देणारे मूषकनाशक खाल्लेले असू शकते. असा उंदीर खाणारा सापही विषबाधेने मरू शकतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, जंत आणि गोचिडी यांचाही धोका असतो, आणि तो सापापेक्षा उंदीर हाताळणाऱ्या माणसाला अधिक. त्यामुळे सर्पोद्याने आणि प्राणिसंग्रहालये यांच्यासाठी खात्रीच्या पैदास केंद्रातील उंदीर हाच योग्य आहार ठरतो. चकचकीत केस, स्वच्छ डोळे, कोरडे नाक, घट्ट लेंडी आणि चपळ हालचाल ही निरोगी उंदराची लक्षणे. पिंजऱ्यात दाटी, अमोनियाचा उग्र दर्प किंवा शिंकणारे उंदीर दिसले, तर तेथून खरेदी न करणेच शहाणपणाचे.

उंदराला काय खाऊ घातले, यावर सापाचे पोषण अवलंबून असते. केवळ भाकरीच्या तुकड्यांवर वाढलेला उंदीर आणि समतोल खाद्यावर वाढलेला उंदीर वरवर सारखे दिसले, तरी सापाला त्यांतून मिळणारे सत्त्व सारखे नसते. आकाराचेही भान हवे. सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा उंदीर फारसा मोठा नसावा. लहान सापांना केस न फुटलेली, १ ते २ ग्रॅमची पिल्ले पुरतात, तर मोठ्यांना २० ते ३० ग्रॅमचा पूर्ण वाढलेला उंदीर लागतो. जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावून गंभीर जखमा करतो. म्हणून मानवी पद्धतीने मारून गोठविलेला उंदीर अधिक सुरक्षित मानला जातो. तो पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा आणि पुन्हा गोठवू नये. गोठविल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरतातच असे नाही. त्यामुळे हात आणि भांडी साबणाने धुण्याला पर्याय नाही.

येथे कायद्याचे स्मरणही आवश्यक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतीय साप परवानगीविना पकडणे किंवा घरी ठेवणे गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीतील परदेशी साप बाळगणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. कळंबच्या घरात निघालेला नाग पाळण्यासाठी नसतो. त्याची जागा शिवारातच, आणि तेथील उंदरांवर अंकुश ठेवण्याचे काम तो विनामूल्य करतो.

प्रयोगशाळेबाहेरचा माणूस

सोखे यांचे आयुष्य प्राणिगृहापुरते मर्यादित नव्हते. त्यांच्या पत्नी लीला या मेनका या नावाने कथक नृत्यांगना म्हणून ख्यातकीर्त होत्या. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकनिमित्त झालेल्या नृत्यस्पर्धेत त्यांच्या संचाने पारितोषिके मिळविली, तर खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा उभारली. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

काँग्रेसने १९३८ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद सोखे यांच्याकडे होते. दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, अशी शिफारस या उपसमितीने केली होती. १९४९ मध्ये संचालकपद सोडल्यानंतर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेत सहाय्यक महासंचालक म्हणून काम केले. १९५२ ते १९५६ या काळात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९५३ मध्ये त्यांना सोव्हिएत रशियाचा शांतता पुरस्कार मिळाला. औषधे देशातच, सरकारी कारखान्यांत आणि गरिबाला परवडतील अशा दरात तयार व्हावीत, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

परळच्या आवाराला आज हाफकिन यांचे नाव आहे आणि ते उचितच आहे. सोखे यांची आठवण मात्र अभ्यासकांपुरती उरली आहे. आडगावी सर्पदंशाचा रुग्ण खाटेवर निपचित पडलेला असतो आणि परिचारिका प्रतिविषाची कुपी फोडते, तेव्हा त्या औषधाच्या ताकदीची हमी कुठल्यातरी प्राणिगृहातील स्वच्छ पिंजऱ्यापर्यंत जाऊन पोहोचते. तो पिंजरा स्वच्छ ठेवणे, त्यातील उंदराचे वजन नोंदविणे आणि आजारी उंदीर वेळीच बाजूला काढणे ही कामे कुणाच्या नजरेत भरत नाहीत. सोखे यांनी मात्र त्यांना संस्थेच्या मुख्य कामांत स्थान दिले होते.