पंडिता रमाबाईंची पहाटेची शाळा

ज्या मुलास अद्याप धड बोलताही येत नाही, ते उपासनेच्या वेळी आईच्या मांडीवरून पुढे सरकते, शास्त्राच्या पुस्तकावर हात टाकते, काळ्या ओळींवरून बोट फिरविते आणि आपणही वाचीत आहो अशा थाटाने काहीबाही पुटपुटते. हा देखावा आमच्या पिंपळगाव बसवंतकडील मंडळ्यांस नवा नाही. पान फाटेल या भीतीने बहुधा त्याचा हात मागे ओढण्यात येतो. पुस्तक जपले पाहिजे हे खरेच. तथापि त्या लहान हाताची ओढ कोठून उत्पन्न होते व ती कोठवर जाऊ शकते, याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस पंडिता रमाबाईंचे बाळपण आठवते.

रमाबाईंची हकीकत त्यांच्या आईपासूनच सांगितली पाहिजे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील विद्वान ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास शिकत असता त्यांचे गुरु पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत असत. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून त्या विद्यार्थ्यास मोठे आश्चर्य वाटले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्याने मनात घेतले. पहिल्या पत्नीच्या हयातीत घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. पुढे ती वारली, आणि चाळिशी उलटल्यावर त्यांचे लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. अशी लग्ने आज कोणी योग्य म्हणणार नाही, व आम्हीही म्हणत नाही. पण त्या मुलीच्या हाती पुस्तक मात्र आले.

स्त्रीस देवभाषा शिकविली म्हणून शास्त्रीबोवांवर आपल्या लोकांचा रोष झाला. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला, व त्यांनी ग्रंथांतील आधार काढून दाखवून आपली बाजू मांडली. शेवटी ते पत्नीला घेऊन सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात जाऊन राहिले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते, व दरीपलीकडे वाघाची डरकाळी चालली होती. ती लहान मुलगी भीतीने गोधडीत गुरफटून पडून राहिली, आणि पती उजाडेपर्यंत पहारा करीत बसले. त्याच रानात पुढे घर झाले, विद्यार्थी जमले, लक्ष्मीबाई संस्कृतात निपुण झाल्या. आणि तेथेच एप्रिल १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला.

मूल काही महिन्यांचे होते न होते तोच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून तो हमालाच्या डोक्यावर देण्यात आला. ज्या वयात आपली मुले पाळण्यात असतात, त्या वयात तिने अशी वाट चालविली. त्यानंतर कित्येक वर्षे या मंडळींस घर असे नव्हतेच. देवळात, नदीच्या घाटावर किंवा झाडाखाली बसून पुराण मोठ्याने वाचावे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी फळ, धान्य अथवा पैसा ठेवावा, व त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. या मुलीला अक्षराची ओळख होण्यापूर्वी अक्षराचा आवाज ओळखीचा झाला होता. आईबाप एकमेकांशी जी शुद्ध मराठी बोलत, तीही तिने अशीच कानांनी घेतली.

नेमाने शिकविणे सुरू झाले ते मुलगी सुमारे आठ वर्षांची असता, व ते काम आईने आपणाकडे घेतले. वडील आता वृद्ध झाले होते. लक्ष्मीबाईंस दिवसा स्वयंपाक, पुराणवाचन व प्रवास यांतून क्षणाची उसंत नसे. म्हणून त्या उजाडण्यापूर्वी उठत, भुईवर निजलेल्या मुलीला प्रेमाने बोलून जागे करीत, आणि पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास पाठ सुरू होई. आई सांगे, मुलगी म्हणे. हा क्रम मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत चालला, व भागवताचे हजारो श्लोक तिच्या मुखात बसले. द्राक्षांच्या मळ्यात किंवा कांद्याच्या खळ्यावर दिवस उगवताच हजर व्हावे लागणाऱ्या ज्या आमच्या भगिनी वेळ नाही असे सांगतात, त्या खोटे बोलत नाहीत. लक्ष्मीबाईंसही वेळ नव्हताच.

मात्र या विद्येची एक उणी बाजू होती, आणि रमाबाईंनी ती स्वतः लपविली नाही. या कुटुंबास अक्षराखेरीज दुसरे काही येत नव्हते. दुष्काळ आला, जवळचा पैसा दानधर्मात संपला, तेव्हा मजुरी करणे माहीत नव्हते व भीक मागण्याची लाज वाटे. इ. स. १८७४ मध्ये वडील वारले, पाठोपाठ आई व मग थोरली बहीण गेली. राहिलेले भाऊबहीण पायी हिंडत इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

पुढे भाऊ वारला, व बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. आसामातील सिलचर येथे राहत असता त्यांस आपल्याच पुस्तकांत बंगाली भाषेतील एक लहानसे पुस्तक सापडले. ते लूककृत शुभवर्तमान होते. वाचावयास मिळेल ते वाचावे ही जी सवय आईने लाविली होती, तिनेच ते पुस्तक त्यांच्या हाती ठेविले. इ. स. १८८२ मध्ये पती वारले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेत असता त्यांनी फिलाडेल्फिया शहरी किंडरगार्टनची, म्हणजे खेळ, गाणी व हातकाम यांतून लहान मुलांस शिकविण्याची, पद्धत अभ्यासिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढे दुष्काळात केडगावी मुक्तिसदन उभे राहिले, आणि तेथे प्रत्येक मुलीस अक्षराबरोबर हाताचा एखादा धंदाही शिकविण्यात आला. आईबापांच्या उपासमारीची आठवण तेथे कामास आली, असे आम्हांस वाटते. कन्या मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांस ब्रेल लिपी शिकविली, व त्या बोटांनी वाचू लागल्या.

अखेरची वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. हिब्रू व ग्रीक या भाषा त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या. प्रचलित भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालेले असून खेड्यातील बाईस ते समजत नाही, असे त्यांचे मत होते. संस्कृताच्या पंडितेने हे म्हणावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांचे भाषांतर मंडळ्यांच्या उपासनेत सर्वत्र रूढ झाले नाही ही गोष्ट कबूल. पण ते ऐकून समजावे म्हणून लिहिले होते.

छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात चालली. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, पाने बांधणे ही कामे तेथील स्त्रियाच करीत. त्यांतील कित्येकींनी दुष्काळातून केडगावी येईपर्यंत एक अक्षरही ओळखले नव्हते, आणि छापखान्याचा खिळा तर उलटा कोरलेला असतो. त्या ओळ उलटी लावीत व सुलटी वाचीत. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. या स्त्रियांनी छपाई चालू ठेविली, व इ. स. १९२४ मध्ये संपूर्ण पुस्तक बांधून बाहेर पडले.