एड्सगर डाइक्स्ट्रा: ज्यांच्या कोड्यात प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर होता

फोनमध्ये सीपीयू-झेड ॲप उघडलंत की प्रोसेसरचे कोअर ओळीने दिसतात. आठ कोअर असतील तर सीपीयू ० ते सीपीयू ७. हे नंबर लागतातच कशाला? मला याचं सगळ्यात सोपं उत्तर १९६५ च्या एका पेपरमध्ये सापडलं. जेमतेम एका पानाचा पेपर, लेखक एड्सगर डाइक्स्ट्रा. हो, इंजिनिअरिंगला शॉर्टेस्ट पाथ शिकताना भेटतात तेच!

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. लायडनला फिजिक्स शिकत असतानाच, १९५२ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला. शेवटी कागदावर फिजिसिस्ट लिहावं लागलं.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे असताना त्यांनी हे कोडं मांडलं. समजा, खात्यात ५०० रुपये आहेत. दोन कॉम्प्युटरनी एकाच वेळी ५०० हा आकडा वाचला, दोघांनी आपापले १०० मिळवले आणि ६०० लिहून ठेवले. खरे तर ७०० हवेत. १०० रुपये गेले कुठे? म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडायला हवं. दोन कॉम्प्युटरसाठीचा उपाय डेकर या डच गणितज्ञाने आधीच काढला होता. डाइक्स्ट्रांनी तो कितीही कॉम्प्युटरसाठी काढला.

त्यांच्या उपायात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा नंबर असतो. सामायिक मेमरीत त्या नंबरची जागा असते आणि तिथे फक्त त्यानेच लिहायचं. आत जायचं असेल तर आपल्या जागी खूण करायची, मग बाकीच्यांच्या जागा तपासायच्या. दुसऱ्या कुणाची खूण दिसली तर माघार.

आता गंमत बघा. दोघांना चुकून एकच नंबर मिळाला तर? दोघं एकाच जागी खूण करतील, ती स्वतःचीच समजून सोडून देतील आणि दोघंही आत घुसतील. सगळा हिशोब तिथेच कोसळला!

तुमच्या फोनचं लिनक्स कर्नल म्हणूनच सुरुवातीलाच ओळखपरेड घेतं. आधी एकच कोअर जागा होतो, तो सीपीयू ०. एआरएम प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरच्या रजिस्टरमध्ये हार्डवेअरचा ओळख क्रमांक असतो. पण हे क्रमांक सलग असतीलच असं नाही, त्यामुळे कर्नल तक्ता करून त्यांना ०, १, २ असे सलग नंबर देतं. मग प्रत्येक कोअरची कामांची रांग वेगळी, स्टॅक वेगळा. आजचं कर्नल कुलपासाठी हार्डवेअरच्या खास सूचना वापरतं, डाइक्स्ट्रांची ती पद्धत नाही. पण मी कोण, हे प्रत्येक कोअरला आजही आधी कळावंच लागतं.

कर्नलमधला सेमाफोरही डाइक्स्ट्रांचाच. १९७२ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं. १९८४ पासून ते टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. कॉम्प्युटरवाला हा माणूस टिपणं मात्र फाउंटन पेनने लिहायचा, तीही तेराशेच्या वर! ६ ऑगस्ट २००२ ला नेदरलँड्समध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. ज्यांचा व्यवसाय कागदावर लिहायला नकार मिळाला होता, त्यांच्या नावाने २००३ पासून डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमधलं मानाचं बक्षीस दिलं जातं.

तुमच्या फोनमध्ये शेवटचा नंबर कितीचा आहे, बघा बरं!