येशूसंघीय फादर गोन्सालो द सिल्व्हेरा

पिंपरी-चिंचवड व चाकण या बाजूस कारखान्यांच्या निमित्ताने येऊन वसलेल्या आमच्या कॅथलिक कुटुंबांत गोव्याकडील घरेही आहेत, आणि गोव्याच्या जुन्या घराण्यांस मोझांबिक हे नाव परके नाही. कोणाचे पणजोबा, कोणाचे चुलते तिकडे नोकरीस असत. त्यात नवल ते काय? १७५२ सालापर्यंत त्या मुलखाचा कारभार गोव्याहूनच चालत असे. परंतु दक्षिण आफ्रिका खंडात सुवार्ता घेऊन गेलेला पहिला येशूसंघीय गोव्याहूनच निघाला होता, हे आमच्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेत त्याचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

गोन्सालो यांचा जन्म पोर्तुगालातील आल्मेइरिम येथे २३ फेब्रुवारी १५२६ रोजी झाला. सोर्तेल्याचे पहिले काउंट दों लुईस द सिल्व्हेरा यांचे हे दहावे अपत्य. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले. थोरली बहीण फिलिपा हिने त्यांस वाढविले. कोइंब्रा येथील विद्यापीठात शिकत असता त्यांनी दरबारी मानमरातबाकडे पाठ फिरविली व येशूसंघात प्रवेश केला. १५५६ साली ते हिंदुस्थानचे प्रोव्हिन्शियल म्हणून गोव्यास आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शरीर गोव्यात येऊन त्या वेळी दोनच वर्षे लोटली होती.

उपदेश करण्यात व देहदंड सोसण्यात फादर सिल्व्हेरा कोणास हार जाणारे नव्हते. परंतु अधिकाऱ्यास जे धोरण लागते, दुसऱ्याच्या दुर्बलतेस सांभाळून घेण्याची जी हातोटी लागते, ती त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्या कठोरपणाची झळ कोचीन येथील यहुदी वंशाच्या नवख्रिस्ती कुटुंबांस लागली, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. आपण अधिकारास अपात्र आहो, हीच देवाने आपणांवर केलेली मोठी कृपा, असे ते स्वतःच म्हणत. तीन वर्षांनी अधिकार फादर आंतोनियो द क्वाद्रोस यांजकडे गेला, आणि कालपर्यंत आज्ञा देणारा आज्ञाधारक झाला. नव्या प्रोव्हिन्शियलांनी त्यांस आफ्रिकेस जाण्यास सांगितले, व ते आनंदाने निघाले. आमच्या मते त्यांच्या थोरवीस येथूनच आरंभ होतो.

त्यांजबरोबर दोघेच होते : फादर आंद्रे फर्नांडिस आणि ब्रदर आंद्रे द कोस्ता. १५६० च्या मार्च महिन्यात ते सोफाला येथे उतरले व तेथून इन्हांबानेकडील ओतोंगे गावी गेले. तेथील राजा गांबा याचा एक पुत्र पूर्वीच मोझांबिक बेटावर ख्रिस्ती झाला होता. त्या मुलामुळेच या घराचे दार उघडले. सात आठवड्यांत गांबा व त्याची सुमारे ४५० माणसे यांस स्नानसंस्कार मिळाला. पाठीमागे फादर फर्नांडिस यांस ठेवून सिल्व्हेरा झांबेझी नदीच्या वाटेने एकटे मोनोमोटापाच्या राज्यात शिरले. हा मुलूख आजच्या झिंबाब्वेच्या उत्तरेस येतो. १५६० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते राजधानीस पोहोचले.

राजा वयाने लहान होता. त्याने सोने व गुरे देऊ केली. सोने पाहून जेथे सगळेच व्यापारी हात पुढे करीत, तेथे या पाद्र्याने ते परत केले, याचे दरबारास मोठे आश्चर्य वाटले. त्यांच्या झोपडीत पवित्र मरियेचे एक चित्र होते. ती कोणी जिवंत राणी आहे असा लोकांचा समज झाला. राजाने चित्र मागितले व त्यांनी ते दिले. काही दिवसांतच राजाचा व त्याच्या आईचा बाप्तिस्मा झाला. त्याचे नाव सेबास्तियान व तिचे मरिया असे ठेविले.

एवढी घाई योग्य होती काय? आमच्या धर्मग्रामात प्रौढ उमेदवारास किती महिने शिकवितात, हे वाचकांस ठाऊकच आहे. मुळे खोल गेली नव्हती. दरबारी वावरणाऱ्या काही मुसलमान व्यापाऱ्यांस पोर्तुगीजांची स्पर्धा नको होती. हा पाद्री हेर व चेटक्या आहे, असे त्यांनी राजाच्या मनात भरविले. त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही; कारण पाद्र्याच्या पाठोपाठ तोफा येत, हे त्या किनाऱ्याने पाहिले होते.

सिल्व्हेरांस घात कळला होता. तरी ते पळाले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी सुमारे पन्नास जणांस बाप्तिस्मा दिला आणि आपले कपडे व जपमाळा त्यांस वाटून टाकल्या. १५६१ च्या मार्च महिन्यातील त्या रात्री ते झोपडीत निजले असता मारेकऱ्यांनी गळा आवळून त्यांचा प्राण घेतला व शव नदीत टाकले. वय अवघे पस्तीस.

राजास मागाहून पश्चात्ताप झाला, परंतु पोर्तुगालने सूड सोडला नाही. १५६९ साली फ्रान्सिस्को बारेतो फौज घेऊन लिस्बनहून निघाले. सिल्व्हेरा गोव्यास आले तेव्हा तेथे गव्हर्नर असलेले ते हेच बारेतो. तोंडी धर्मवीराचे नाव होते, डोळा सोन्याच्या खाणींवर. ज्याने सोने परत केले, त्याच्याच नावाने हे व्हावे याचे आम्हांस वाईट वाटते. फौज तापाने मेली. बारेतोही १५७३ साली सेना येथे वारले.

आज झिंबाब्वेत हरारे शहराजवळ सिल्व्हेरा हाउस नावाची येशूसंघाची संस्था १९६४ पासून गोरगरिबांच्या शिक्षणाचे काम करीत आहे. आणि हेही नमूद करावेसे वाटते की, त्या मृत्यूस शंभर वर्षे उलटून गेल्यावर मोनोमोटापाच्या राजकुळातील एक पुत्र, फ्रे मिगेल, गोव्यात डोमिनिकन संन्यासी झाला, १६७० साली त्यास ईशज्ञानाची मास्टर ही पदवी मिळाली, आणि गोव्यातील सांता बार्बारा येथे त्याने धर्मगुरूचे काम केले.