कै. लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकनजीक जलालपूर येथे झाला. पती नारायण वामन टिळक हे शिक्षक व कवी. बाईंनी लिहावे-वाचावे अशी त्यांचीच खटपट. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. काही वर्षे उभयता विलग राहिली. पुढे अहमदनगराकडे संसार पुनश्च मांडला. सोवळे-ओवळे हळूहळू गळून पडले व १९०० साली बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. अनाथ मुले घरचीच झाली. १९१९ साली टिळक निवर्तले. उतारवयात बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तीत घरची भांडणे व स्वतःचे हट्टही झाकले नाहीत. १९३६ साली त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. प्रिय बंधुभगिनींनो, आपल्याही घरांत एकजण आधी विश्वासात येतो. मागे राहिलेल्यावर बळजबरी करू नका. प्रीतीने वाट पाहा.