कॉपी दाबलं आणि पानभर जस्टिफाय झालं! ऑगस्ट ड्वोरॅक आणि शॉर्टकटची भांडणं

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंग्रजी लेआउटची यादी उघडलीत तर क्वर्टीबरोबर ड्वोरॅक असंही एक नाव दिसेल. हा माणूस कोण, आणि त्याचा लेआउट कॉम्प्युटरवर लावला की वर्ड आणि लिबरऑफिसमधले शॉर्टकट असे का बिघडतात, ते आज सांगते.

ऑगस्ट ड्वोरॅक यांचा जन्म १८९४ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ग्लेन्को गावचा. पुढे ते सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवत. म्हणजे ना इंजिनिअर, ना टाइपरायटर बनवणारे! गर्ट्रूड फोर्ड ही त्यांची विद्यार्थिनी टायपिंगमधल्या चुकांवर प्रबंध लिहीत होती. तिला मार्गदर्शन करताना त्यांचं लक्ष अक्षरांच्या मांडणीकडे गेलं. दोष बोटांचा नाही, मांडणीचा आहे, असं त्यांचं मत बनलं.

मग मेहुणे विल्यम डीली यांना बरोबर घेऊन इंग्रजीत कोणतं अक्षर किती वेळा आणि कुणाच्या शेजारी येतं, याचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. १९३६ साली पेटंट मिळालं. मधल्या ओळीत डाव्या हाताखाली पाचही स्वर, उजव्या हाताखाली डी, एच, टी, एन, एस. दोन्ही हात आलटून पालटून चालतात. मी मराठी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. तिथेही स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात, त्यामुळे मला तरी ही कल्पना लगेच पटते.

जगाला मात्र पटली नाही. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाने केलेल्या चाचणीचा निकाल ड्वोरॅकच्या बाजूने लागला, पण ते स्वतः नौदलात अधिकारी होते, म्हणून पुढे त्या निकालावर शंका घेतली गेली. १९५६ च्या सरकारी चाचणीत तर नव्या लेआउटचा काही फायदा दिसला नाही, आणि विषय थंडावला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. एकाच हाताने टाइप करणाऱ्यांसाठी डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे लेआउट त्यांनी बनवले. विंडोजमध्ये ते दोन्ही आजही मिळतात. ऑक्टोबर १९७५ मध्ये सिएटलला त्यांचं निधन झालं. लेआउटला अमेरिकेत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली ती १९८२ मध्ये. सात वर्षं उशिरा.

आता खरी गंमत. १९८४ मध्ये ॲपलने ॲपल टू-सी कॉम्प्युटरवर ड्वोरॅक लावायला चक्क एक बटण दिलं. त्याच वर्षी मॅकिन्टॉश आला, आणि त्यात अनडू, कट, कॉपी, पेस्टला झेड, एक्स, सी, व्ही ही ओळीने येणारी अक्षरं होती. ओळीने, पण क्वर्टीवर! ड्वोरॅकवर ही चार अक्षरं विखुरतात. क्वर्टीच्या सी च्या जागी जे येतो, व्ही च्या जागी के आणि एक्स च्या जागी क्यू.

म्हणजे बोटांनी सवयीने कॉपी केलं की कंट्रोल-जे लागतो आणि मजकूर जस्टिफाय होतो. पेस्ट केलं की हायपरलिंकची चौकट उघडते. लिबरऑफिसमध्ये कट केलं तर प्रोग्रॅमच बंद व्हायला निघतो. आणि ए मात्र जुन्याच जागेवर राहतो. त्यामुळे सिलेक्ट ऑल नीट होतं आणि पुढच्या 'कॉपी'ने सगळी फाइल जस्टिफाय! घाबरून अनडू करायला जावं तर झेडसुद्धा स्लॅशच्या बटणावर गेलेला.

यावर उपाय आहेत. मॅकवर ड्वोरॅक-क्वर्टी कमांड नावाचा लेआउट निवडा. कमांड दाबलेलं असेपर्यंत अक्षरं क्वर्टीच्या जागी येतात. विंडोजवर सगळ्यात सोपं म्हणजे कंट्रोल-इन्सर्टने कॉपी, शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट, शिफ्ट-डिलीटने कट. यात अक्षरच नाही, त्यामुळे लेआउट कुठलाही चालतो. काही लॅपटॉपवर इन्सर्टसाठी एफएन दाबावं लागेल, एवढंच.

शॉर्टकटच बदलायचे असतील तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन असं जा आणि खाली कीबोर्ड शॉर्टकटशेजारचं कस्टमाइझ दाबा. कॉपीची कमांड निवडून नवं कॉम्बिनेशन टाइप केलंत की ते आधी कुणाला दिलंय ते तिथेच दिसतं. ते वाचल्याशिवाय असाइन दाबू नका, कारण जे कॉपीला दिलात तर जस्टिफायसाठी दुसरी जागा शोधावी लागेल. लिबरऑफिसमध्ये टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड. तिथे यादीत प्रत्येक कॉम्बिनेशनसमोर त्याचं काम लिहिलेलं असतं. मी तर आधी कंट्रोल-क्यू वरची एक्झिटची नेमणूक काढून टाकेन, बाकीचं नंतर.

फोनवर मात्र ड्वोरॅक लावायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. तो दहा बोटांसाठी बनलाय, दोन अंगठ्यांसाठी नाही. ब्लूटूथ कीबोर्ड जोडत असाल तर गोष्ट वेगळी.