कर्मवीरांच्या नावाची योजना आणि ई-क्लासची जमीन

कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाव आज दोन ठिकाणी हमखास वाचायला मिळते. एक, २९ डिसेंबरच्या अभिवादनाच्या बॅनरवर; दुसरे, समाजकल्याण खात्याच्या योजनेच्या अर्जावर. बॅनर दुसऱ्या दिवशी उतरतो. अर्ज फाईलीत पडून राहतो. ज्यांनी भूमिहीनाचा प्रश्न देशाच्या संसदेपर्यंत नेला, त्यांचे जीवन पुन्हा समजून घेण्याची गरज आहे. कारण आमच्या वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतात, त्या गायरान जमिनीचा फैसला आज भूमिहीनाला न विचारता होऊ लागला आहे.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. शिक्षण बेताचे, पण संघटनेचे ज्ञान अफाट. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे सचिवपद त्यांच्याकडे होते. सनातन्यांची दगडफेक, पोलिसांच्या लाठ्या, तुरुंग, गावोगावचा बहिष्कार हे सारे सोसून त्यांनी हा लढा वर्षानुवर्षे जागता ठेवला. बाबासाहेबांचा त्यांच्यावर किती विश्वास होता, हे बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेल्या असंख्य पत्रांवरून दिसते.

१९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोतीविरोधी विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. सभागृहात विधेयक आणि रस्त्यावर माणूस, ही दोन्ही चाके एकाच गाडीची आहेत हा धडा दादासाहेबांनी तेव्हाच घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

१९५६ च्या मार्चमध्ये आग्रा येथे बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांविषयीची चिंता बोलून दाखवली होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मागे उरला तो धम्म स्वीकारलेला, पण पायाखाली जमीन नसलेला समाज. महारकीची गुलामी टाकलेली, पण पोटासाठी पुन्हा त्याच पाटलाच्या धुऱ्यावर जायचे! १९५७ साली नाशिकमधून लोकसभेत गेलेल्या दादासाहेबांनी हाच प्रश्न हाती घेतला. १९५९ साली खानदेश, मराठवाडा, नाशिक, नगर भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच साधी मागणी होती.

इथे आम्हा शिकलेल्यांना आरशात पाहावे लागेल. दादासाहेबांच्या धोतराला आणि कमी शिक्षणाला हसणारे लोक आपल्याच पक्षात निघाले. सत्याग्रह घटनात्मक की बेकायदेशीर, यावर पंडिती चर्चा झाल्या आणि दुरुस्त-नादुरुस्तच्या भांडणात रिपब्लिकन पक्ष फुटला. मी स्वतः वकील आहे, म्हणून अधिक स्पष्टपणे सांगतो. कायद्याचे कलम पाठ असणे वेगळे आणि ते कलम भूमिहीनाच्या दारात नेणे वेगळे. दुसरे काम त्या धोतरवाल्या माणसाने केले.

१९६२ पासून ते राज्यसभेत होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींसमोर मागण्यांची सनद ठेवली गेली आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तुरुंगात गेलेल्यांचा आकडा चळवळीच्या नोंदीत तीन लाखांच्या वर आहे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, अशा दहा मागण्या होत्या. तैलचित्र लागले १९९० साली. बौद्धांच्या सवलतीही १९९० सालीच. जमिनीची मागणी मात्र आजही अर्धवट आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई हे दादासाहेबांच्याच तालमीतले. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना शासनाने २००४ साली आणली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची, ही ती योजना. परंतु शासनाच्या दरात जमीन विकायला तयार असलेला मालक शोधून सापडत नाही. बाजारात जमीन नाही, म्हणून भूमिहीनाला जमीन नाही!

मग जी जमीन विकत घ्यावी लागत नाही, तिचे काय? २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. तीत सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमीन, गायरानासह, नाममात्र भाड्याने दिली जाते. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाण्याच्या धोरणाचा पाया घालणारे बाबासाहेबच होते. रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. तापमान वाढले, पाऊस लहरी झाला, की रोजंदारीवरचा मजूर सर्वात आधी होरपळतो हेही आम्ही जाणतो. पण हिशेब पाहा. वीज जाणार ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याच्याकडे. जमीन जाणार ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्या हातची.

ई-क्लासवर दोन-तीन पिढ्या तूर-ज्वारी पेरणारी माणसे माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येतात. त्यात दंडाच्या जुन्या पावत्या असतात, गाव नमुना १-ई चा उतारा असतो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची होती. किती जणांचे प्रस्ताव तहसीलच्या पायरीवरच अडकले! २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. मात्र भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादांना त्याच निकालात जागा ठेवली. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा हा अपवाद किती अधिकाऱ्यांना आठवला? जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ गायरानाचा वापर बदलण्यावर मर्यादा घालते, पण सार्वजनिक प्रयोजनाची वाट मोकळी ठेवते. त्या वाटेने कंपनी आत जाते आणि कसणारा बाहेर पडतो.

ऐकून घेतले तर कायदा बदलतो, याचा पुरावा आपल्या मेळघाटाजवळच आहे. वनहक्क विधेयकात मूळ मुदत १९८० ची होती. संयुक्त संसदीय समितीने आदिवासींचे व संघटनांचे म्हणणे ऐकले आणि मुदत १३ डिसेंबर २००५ पर्यंत आणण्याची शिफारस केली. तीच पुढे कायद्यात आली. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावाने त्याच कायद्याने मिळालेल्या सामूहिक हक्कातून उजाड रान हिरवे केले.

म्हणून मागणी सरळ आहे. विधिमंडळाच्या अनुसूचित जाती कल्याण समितीने अमरावती आणि अकोल्यात येऊन ई-क्लास कसणाऱ्यांची जाहीर सुनावणी घ्यावी. नियमितीकरणाचे प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत त्या गटावर सौर प्रकल्पाचा करार करू नये. ग्रामसभेत ठराव येतो त्या दिवशी आपली माणसे मजुरीला न जाता सभेत हजर असावीत. आणि आम्ही वकिलांनी निदान आपल्या तालुक्यातल्या पिशव्यांमधले कागद फी न घेता लावून द्यावेत.

बॅनर लावणाऱ्यांनी बॅनर लावावा. पण त्याच दिवशी एका भूमिहीनाचा दावा तहसीलमध्ये दाखल करून त्याची पोच घ्यावी. कर्मवीरांना तेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!