कुजवलेल्या मतांचा हिशेब

निवडणूक जवळ आली की आपल्या जिल्ह्यात मलकापूरपासून मेहकरपर्यंत दोन आरोप हमखास ऐकू येतात. अमुक वर्तमानपत्राने अमुक उमेदवाराला झुकते माप दिले, हा पहिला. आणि तमुक समाजाने केवळ जात पाहून मत दिले अथवा नाकारले, हा दुसरा. आता त्यांना भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या कापलेल्या-जोडलेल्या चित्रफितींची भर पडली आहे. आरोप करणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि निकाल लागला की दोन्ही पक्ष तो विसरून जातात. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक भाग मुद्दाम आठवावासा वाटतो. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारा देश वंदन करतो. परंतु उमेदवार म्हणून ते कसे लढले आणि कसे हरले, याची चर्चा त्या मानाने थोडीच होते.

वृत्तपत्रांचे सामर्थ्य त्यांना फार लवकर उमगले होते. 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. बातमीचा विपर्यास करणे हा अन्यायाचा एक प्रकार झाला. बातमी येऊच न देणे हा दुसरा, आणि तो सिद्ध करणे अधिक कठीण. पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि 1930 मध्ये 'जनता' निघाले, त्यांचे कारण या अनुभवात शोधावे लागते. 1943 च्या जानेवारीत पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या स्मृत्यर्थ केलेल्या भाषणात त्यांनी हिंदी वृत्तपत्रसृष्टीवर कठोर टीका केली. पत्रकारिता हे एके काळी व्रत होते, तिचा आता व्यापार झाला आहे आणि वाचकाला शहाणे करण्याऐवजी ती विभूतिपूजेला लागली आहे, असा त्या टीकेचा आशय होता.

निवडणुकीच्या राजकारणात त्यांनी मोठे यश मिळविले ते 1937 साली. स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून ते मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध क्रिकेटचे विख्यात गोलंदाज पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हेही अस्पृश्य समाजातलेच आणि लोकप्रियता अमाप. प्रसिद्धीच्या वलयातला माणूस उमेदवार म्हणून पुढे करण्याची युक्ती आजची नव्हे, हे यावरून दिसेल. आंबेडकर त्या लढतीत सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. त्या वेळी मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

स्वतंत्र भारतात ते कायदामंत्री झाले आणि हिंदू संहिता विधेयकाची उपेक्षा व इतर मतभेद यांमुळे सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन लोकसभेच्या पूर्वीच्या हंगामी संसदेत करावयाचे होते. पण त्याची प्रत आधी सादर करावी, असा आग्रह उपसभापतींनी धरला. आंबेडकरांना तो मान्य झाला नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे सोपविले. ज्या वृत्तपत्रसृष्टीवर त्यांनी इतकी टीका केली होती, तिच्याच द्वारे त्यांना जनतेपर्यंत जावे लागले.

जानेवारी 1952 मध्ये उत्तर मुंबईत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी. एका मतदाराच्या दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. म्हणजे 1937 मध्ये जे कायदेशीर होते, ते आता निष्फळ ठरत होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. आंबेडकर राखीव जागेसाठी आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. कम्युनिस्टांशी सहकार्य नाही आणि हिंदुमहासभा किंवा संघाशीही नाही, असे फेडरेशनने जाहीरनाम्यातच सांगून टाकले होते. कम्युनिस्ट पक्षातर्फे श्रीपाद अमृत डांगे रिंगणात होते. फेडरेशनच्या हाती 'जनता' हे साप्ताहिक होते. दैनिकांतून रोज होणाऱ्या टीकेला आठवड्याने उत्तर देणे म्हणजे सभा उठल्यावर भाषण करणे होय.

निकाल आकड्यांतच पाहावा. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना 1,49,138 आणि नारायण सदोबा काजरोळकर यांना 1,38,137 मते मिळाली. मेहतांना 1,39,741, आंबेडकरांना 1,23,576 आणि डांग्यांना 96,755. आंबेडकर 14,561 मतांनी पडले. मतमोजणीत 74,333 मते बाद झाली. डांग्यांच्या बाजूने मतदारांना दुसरे मत कुजवण्याचा उपदेश करण्यात आला आणि त्यात जातीय भावनेला हात घातला गेला, असा आंबेडकर आणि मेहता यांचा आरोप होता. त्यांनी निवडणुकीविरुद्ध रीतसर अर्ज केला. तो फेटाळला गेला. आरोप कायद्याच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तरीही आकडे गप्प बसत नाहीत. युतीतल्या मेहतांपेक्षा आंबेडकरांना 16,165 मते कमी पडली; हे अंतर त्यांच्या पराभवाच्या अंतरापेक्षा मोठे आहे. पण केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. विजयी काँग्रेसमध्येही काजरोळकरांना आपल्या सर्वसाधारण सहकाऱ्यापेक्षा 11,001 मते कमीच मिळाली. राखीव जागेचा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, दुसरे मत त्याच्यापर्यंत पोहोचताना गळती होत होती. त्यातील पूर्वग्रह किती, अज्ञान किती आणि पक्षाची आज्ञा किती, हे वेगळे करता येत नाही. शिवाय मेहताही हरले, तेव्हा सारा दोष जातीवर टाकणेही चुकीचे ठरेल.

आपल्या जिल्ह्याला हे गणित परके नव्हते. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला बुलढाणा-अकोला मतदारसंघही द्विसदस्यच होता आणि तेथून गोपाळराव खेडकर व लक्ष्मणराव भटकर हे काँग्रेसचे दोघे निवडून गेले. आपल्या आजोबा-पणजोबांनीही हातात दोन मतपत्रिका घेऊन दोन पेट्यांसमोर हाच निर्णय केला होता.

मे 1954 मध्ये आपल्याच विदर्भात, भंडाऱ्यात, पोटनिवडणूक आली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य, जोडीला पुन्हा अशोक मेहता. दुसरे मत कुणालाच न देता कुजवले तर राखीव जागेवर आंबेडकरांचा विजय सोपा होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. ज्याने घटना घडविली त्याने मत वाया घालविण्यास सांगू नये, मग पराभव पत्करावा लागला तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. निकालाने ती महाग पाडली. मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून 8,381 मतांनी हरले. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरे मत मित्रपक्षाला दिले. मित्रपक्षाच्या मतदारांकडून तितकीच परतफेड झाली नाही, असा अर्थ या निकालातून निघतो. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारतात लोकसभेची निवडणूक त्यांना कधीच जिंकता आली नाही. संसदेत ते राहिले ते राज्यसभेच्या मार्गाने.

पुढे 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. बुलढाण्याची लोकसभेची जागा 1977 पासून 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत राखीव होती. तेथे कुजवायला दुसरे मतच उरले नव्हते. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बहुमताने दिला. प्रचाराच्या जाहिराती आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्या तपासण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. व्यवस्था सुधारली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पूर्वग्रहाचा आरोप आजही पूर्वीइतकाच स्वस्त आहे.

आंबेडकरांच्या दोन पराभवांतून त्याची किंमत ठरविण्याच्या दोन कसोट्या मिळतात. आरोप करावयाचा तर आकडे घेऊन योग्य त्या पीठापुढे करावा आणि निर्णय विरुद्ध गेला तरी स्वीकारावा, ही पहिली. ज्या साधनाने आपल्यावर अन्याय झाला असे आपण म्हणतो, ते साधन आपल्या हाती आल्यावर वापरू नये, ही दुसरी. पहिली कसोटी 1952 ची आणि दुसरी 1954 ची. यापुढे एखादा उमेदवार आपल्या दारी येऊन विरोधकाला जातीयवादी ठरवील, तेव्हा त्याचा स्वतःचा प्रचार या दुसऱ्या कसोटीला उतरतो काय, एवढे मतदाराने अवश्य विचारावे.